मागची सीट

दर शनिवारी संध्याकाळी करते तसा वर्षालीनं अकोल्याला बाबांना फोन लावला. औषधांच्या दुकानाच्या पायरीवर उभी राहून ती वाजणारी रिंग ऐकत होती. तेवढ्यात रस्त्यापलीकडे गिला वड्याच्या गाडीपाशी उभ्या असलेल्या एका माणसानं प्लेट खाली ठेवली, खिशातून फोन काढला, डोळ्यांपासून लांब धरून त्यावरचं नाव वाचलं आणि कानाला लावला. "हां, बोल व," बाबांचा आवाज तिच्या कानात आला. "कुठं आहात?" तिनं विचारलं. पलीकडच्या माणसाचे ओठ हलले आणि मग, अगदी थोड्या उशिरानं, शब्द पोचले. "घरीच आहो. टीवी पाहून राहिलो." तो उशीर तिच्या लक्षात आला आणि त्याही क्षणी, आवाज आधी कुठे जातो, तिथून कुठे वळतो, असा विचार तिच्या डोक्यात येऊन गेला. अमरावतीच्या भर चौकात बाबा उभे होते, तपकिरी स्वेटर घालून, आणि घरीच आहो म्हणत होते. त्यांच्या शेजारी प्लेट हातात धरून तिला दर रविवारी शिकवणारे गजेंद्र सर उभे होते. बाबांचं बोलणं होईपर्यंत त्यांनी तोंड दुसरीकडे वळवलं होतं, आपला आवाज फोनमध्ये जाऊ नये अशी काळजी घेणारा माणूस वळवतो तसं. "जेवले का?" ती म्हणाली. "आता बसतोच," बाबा वड्याकडे पाहत म्हणाले. तिनं हाक मारली नाही. फोन ठेवून ती दुकानाच्या आत सरकली आणि दुकानदारानं काय पाहिजे विचारल्यावर, डोकं दुखत नसताना, डोकेदुखीची गोळी घेऊन बाहेर पडली.

बाबांनी खोटं बोलावं याचं तिला तितकंसं काही वाटलं नाही. तीही त्यांच्याशी खोटंच बोलत आली होती. रविवारी आपण कॉलेजात जादा तास घेतो असं तिनं घरी सांगून ठेवलं होतं. खरं म्हणजे रविवारी ती स्कूटीवरून बडनेऱ्याच्या पुढे, एका बंद पडलेल्या गिरणीच्या मालकानं कधीकाळी बांधलेल्या धावपट्टीवर जात होती. तिथं ग्लायडिंग क्लब होता. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान, आणि ते शिकवणारे एकमेव शिक्षक म्हणजे गजेंद्र सर. बाबांना यातलं काही ठाऊक नसावं यासाठी तिनं बरीच खबरदारी घेतली होती. ते घाबरतील म्हणून नव्हे. ते शब्द टाकतील म्हणून.

बाबा, म्हणजे रामराव, अकोल्याच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. आता निवृत्त झाले होते, तरी वऱ्हाडातला असा प्राध्यापक नव्हता ज्याला त्यांनी कधी तरी स्टुलावर बसवून चहा पाजला नव्हता. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी धामणगाव रेल्वेहून आलेले परीक्षक आदल्या संध्याकाळी त्यांच्या घरी जेवायला होते. आईनं वडा-भात केला होता. परीक्षक वर्षालीकडे पाहून "ही का ती?" म्हणाले होते आणि बाबा नुसते हसले होते. दुसऱ्या दिवशी वर्षालीचा प्रयोग चुकला. प्रिझममधून पिवळी रेषा दिसायची, ती दिसलीच नाही. प्रिझमखालचं छोटं टेबल समतल करताना कुठं तरी गडबड झाली आणि तिनं शेवटी उत्तर माहीत असल्यामुळे उलटी गणितं मांडून आकडे भरले. गुण पूर्ण आले. बाबांनी पेढे वाटले. तिनं कधी विचारलं नाही, आणि न विचारल्यामुळे ती गोष्ट मागे मागे पसरत गेली. आठवीतलं विज्ञान प्रदर्शनातलं बक्षीस, एम.एस्सी.चा प्रवेश, अमरावतीतली ही तासिकेवरची नोकरी, जिच्या मुलाखतीत एका सदस्यानं "रामरावांची तुम्ही?" असं हसून विचारलं होतं. यातलं कुठलं तिचं होतं आणि कुठलं बाबांच्या चहाचं, हे वेगळं काढण्याची काही युक्ती तिच्याजवळ नव्हती. क्लबात पहिल्यांदा वर गेली तेव्हा तिला जे वाटलं ते आनंदापेक्षा सुटकेच्या जास्त जवळचं होतं. हवेला कुणाची ओळख सांगता येत नाही. ग्लायडरच्या काचेवर, नाकासमोर, लाल लोकरीचा एक तुकडा चिकटवलेला असतो. नीट उडवलं तर तो सरळ मागे वाहतो, नाही तर बाजूला पडतो. तो दोरा कुणाच्या घरी जेवायला जात नाही.

आणि आता गजेंद्र सर बाबांबरोबर वडे खात होते.

रविवारी सकाळी ती पोचली तेव्हा शाकीब ग्लायडरचा पंख ओल्या फडक्यानं पुसत होता. शाकीबचं बडनेऱ्यात गाड्यांच्या सीटकव्हरचं दुकान होतं. तो तिच्या नंतर क्लबात आला आणि तिच्या आधी एकटा उडाला. "आवो मॅडम," तो ओरडला, "आज काय इरादा हाय? पेढ्याचा डबा आणला काय?" "कशाचे पेढे?" तिनं विचारलं. "असंच बोललो ना! तुमी तर पोलिसावानी पाहता." तो हसला, पण हसण्याआधी त्यानं सरांच्या दिशेनं पाहिलं होतं. ते तिनं टिपलं.

क्लबात एक रीत होती. कुणाला पहिल्यांदा एकटं केव्हा सोडायचं ते सर कधी आधी सांगत नसत. सांगितलं की माणूस आदल्या रात्री झोपत नाही, असं त्यांचं म्हणणं. एखाद्या दिवशी, एखादी फेरी संपल्यावर, ते मागच्या सीटवरून नुसते उतरत. मागचे पट्टे ग्लायडर चालवायच्या दांडीत अडकू नयेत म्हणून घट्ट बांधून ठेवत, काच लावत आणि "जा" म्हणून चालू लागत. बाकीच्यांना ते कळलेलं असे, फक्त उडणाऱ्याला नसे. त्यामुळे ज्याची वेळ जवळ आली आहे त्याच्याभोवती सगळे जरा नाटकी वागत. वर्षालीला हे ठाऊक होतं. तिची वेळ केव्हाच आली होती असं तिला आतून वाटत होतं, आणि कितीतरी रविवार ती त्या उतरण्याची वाट पाहत होती. आज मात्र तिला त्याची भीती वाटली. आज सर उतरले तर ते कशासाठी उतरले हे तिला कधीच कळणार नव्हतं.

"घरचे बरे आहेत?" पट्टे बांधताना सरांनी मागून विचारलं. आजवर त्यांनी वेग, उंची आणि वारा सोडून तिला काही विचारलं नव्हतं. "बरे आहेत," ती म्हणाली आणि पुढे थांबून राहिली. ते पुढे काही बोलतील म्हणून. ते बोलले नाहीत.

धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या विंचनं, केबल गुंडाळणाऱ्या यंत्रानं, केबल खेचली. ग्लायडर थरथरत पळालं आणि मग जमिनीनं हात सोडल्यासारखं उभं वर चढलं. वर पोचल्यावर तिनं पिवळी मूठ ओढली, केबल सुटली आणि तो आवाज आला, खरं तर सगळे आवाज गेल्यावर जो उरतो तो, काचेवरून घासत जाणाऱ्या हवेचा. खाली तुरी काढून झालेली काळी रानं तापत होती. संत्र्याच्या बागांचे हिरवे चौकोन, अकोल्याकडे जाणारी रेल्वेची रेघ, उत्तरेला धुरकट मेळघाट. नांगरलेल्या रानावर दोन घारी फिरत होत्या, म्हणजे तिथं हवा वर चढत होती. ती त्यांच्याकडे वळली. दोरा सरळ होता. ग्लायडर खालून हलकेच उचललं गेलं आणि एरवी अशा वेळी सर मागून "हां" म्हणत, तेवढंच, पण म्हणत. आज ते गप्प होते. उतरणंही तिला हवं तसं झालं. चाक कुठं टेकलं ते कळलंसुद्धा नाही. ती काच उघडून मानेत उसण भरल्यासारखी बसून राहिली. मागच्या पट्ट्यांची कडी सुटल्याचा आवाज येतो का ते ऐकत. "आणखी एक," सर म्हणाले.

दुसरी फेरी पहिलीपेक्षा चांगली झाली. "ठीक," सर म्हणाले. उतरले नाहीत. शाकीबनं पंखाचं टोक धरलं होतं, तो उगाच खाकरला.

खरं तर इथं तिचा संशय मोडायला हवा होता. बाबांनी शब्द टाकला असता तर सर आत्तापर्यंत उतरून मोकळे झाले असते. तिला हे दिसलं. पण लगेच दुसरंही दिसलं, की लगेच उतरले असते तर ते उघडं पडलं असतं, म्हणून ते थोडं लांबवत असणार. अनुकूल पुरावा आणि प्रतिकूल पुरावा दोन्ही ज्याला चालतात असं अनुमान कवडीच्या किमतीचं असतं, हे ती स्वतः पोरांना फळ्यावर लिहून देत असे. तरीही ते तिला सोडवेना. प्रिझमपाशी उभे राहिलेले ते परीक्षक तिला आठवले. त्यांनी तिच्या वहीकडे वाकून पाहिलं होतं, उपकरणाच्या नळीतून पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तर त्यांना अंधार दिसला असता. तो माणूस पाहतच नव्हता. म्हणजे तपासायचं तर हेच तपासायचं, मागच्या सीटवरचा माणूस पाहतो की नाही. केबल लावली जात असताना तिनं ठरवलं. या खेपेला मुद्दाम खराब उडवायचं. एवढं करूनही ते उतरले आणि "जा" म्हणाले, तर संशयाला जागाच राहणार नाही.

केबल सुटल्यावर तिनं पायाखालच्या पेडलची एक बाजू दाबून धरली. दोरा काचेवर आडवा पडला, मेल्यासारखा. ग्लायडर तिरकं, अंग घासत चालू लागलं. तिच्या गालावर काचेच्या फटीतून गरम हवा येऊ लागली. वेग कमी होऊ दिला, इतका, की हवेचा आवाज पातळ झाला आणि दांडी हातात ढिली पडली. आपण हे करायला नको होतं असं एकदम स्वच्छ वाटलं आणि तरी ती करत राहिली. मागच्या दांडीवर हात पडला की पुढच्या दांडीला एक जडपणा येतो, पाण्यात बुडवलेल्या काठीसारखा. ती त्या जडपणाची वाट पाहत होती. तो आला नाही. सर "वेग" असंही म्हणाले नाहीत. शेवटचं वळण तिनं वेडंवाकडं घेतलं, धावपट्टीच्या रेघेबाहेर गेली आणि मग अगदी खाली आल्यावर तिची तिलाच भीती वाटून सगळं सरळ केलं. दोरा उभा राहिला, ग्लायडर टेकलं. धूळ पुढे निघून गेली. दोघं तसेच बसून राहिले.

"मुद्दाम केलं," सर म्हणाले.

"हो."

"काहून?"

"तुम्ही पाहता की नाही ते पाहत होते."

कुठं तरी दूर ट्रॅक्टर चालू होता.

"पाह्यलं," सर म्हणाले. मग कडी सुटल्याचा आवाज आला.

ती वळली नाही. ग्लायडर एका बाजूनं हलकं होऊन थोडं वर आलं, ते तिला पाठीत कळलं. मागच्या सीटचे पट्टे ओढून ओढून बांधल्याचा आवाज, उशी उचलल्याचा आवाज. त्यांनी तिच्याकडे न पाहता काच लावली. "जा," ते म्हणाले.

म्हणजे झालं. असं तिला वाटलं. तिनं खराब उडवलं होतं आणि ते उतरले होते. तिला अपेक्षा होती की हे सिद्ध झाल्यावर राग येईल, पण आला तो थकवा. धामणगावचे परीक्षक इथंही येऊन उभे राहिले होते, तपकिरी स्वेटरवाल्या माणसाच्या शेजारी, प्लेट हातात घेऊन. शाकीब केबलचं टोक घेऊन गुडघ्यावर बसला. केबल लावायची ती उडणाऱ्यानं "लाव" म्हटल्यावरच, त्याआधी कुणी हात लावत नाही. "लावू काय?" शाकीबनं विचारलं. त्याच्या चेहऱ्यावर आता थट्टा नव्हती. तिनं काचेची छोटी खिडकी सरकवली.

"सर, काल बाबांशी काय बोलणं झालं?"

गजेंद्र सर पंखाच्या सावलीत उभे होते. त्यांचा चेहरा पडला नाही की बदलला नाही. फक्त हात त्यांनी पँटच्या खिशात घातले.

"उतरल्यावर सांगतो."

"आत्ता सांगा."

"आत्ता नाई. डोक्यात घेऊन वर जाशीन."

"आणि मी गेलेच नाही तर?"

"तर नको जाऊ. जबरदस्ती हाय काय?"

"ओ मॅडम," शाकीब खालून म्हणाला, "गुडघे भाजून राहिले माहे. हो म्हना, नाई म्हना."

ती समोर पाहत राहिली. धावपट्टीच्या टोकाला विंच ऊन लागून हलत असल्यासारखा दिसत होता. सर उतरले ते बाबांच्या शब्दामुळे उतरले असतील. मुलाखतीतला तो माणूस बाबांमुळे हसला असेल, गुण बाबांमुळे पडले असतील. पण ही केबल सुटल्यावर जे काही होईल त्यात शब्द टाकायला कुणी नसेल. वर नेण्याची शिफारस करता येते. खाली आणण्याची करता येत नाही. हा विचार तिला बरोबर वाटला, निदान त्यात कुठं पळवाट दिसली नाही.

"लाव," ती म्हणाली.

ग्लायडर इतक्या लवकर सुटलं की तिचं डोकं मागे आदळलं. मागच्या माणसाचं वजन गेलं की ते चटकन चढतं हे तिला आकड्यांत ठाऊक होतं, अंगात ठाऊक नव्हतं. आकाश नाकावर आलं. मूठ ओढली, केबल गेली. शांत. तिचे कान आपोआप मागे गेले. मागून श्वास ऐकू येईना. तिनं मान वळवून पाहिलं, घट्ट बांधलेले पट्टे, त्यांवर ऊन. कुणी नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या मागे कुणी नव्हतं, आणि हे वाक्य मनात तयार होताच तिला त्याचाही संशय आला, कारण ते फार छान होतं. मग ग्लायडर धपकन खाली बसलं. खाली बागेचं हिरवं, पाणी प्यालेलं रान होतं, त्यावरची हवा थंड आणि जड, आणि उंचीचा काटा उलटा फिरत होता. नांगरलेल्या रानावर घारी आता नव्हत्या. तिनं नाक खाली घातलं, वेग घेतला, काळ्या रानाकडे वळली, पण तिथं मिळालं ते थोडंच. आणखी शोधायचं की परतायचं? "सर," असं ती मोठ्यानं म्हणाली आणि स्वतःचा आवाज ऐकून गप्प झाली. परतायचं. तिनं परतायचं ठरवलं. रेल्वेच्या रेघेला समांतर, मग वळण, मग दुसरं वळण, दोरा थोडा थरथरत, पण सरळ. धावपट्टी समोर आली. नेहमीच्या उंचीवर तिनं नेहमीसारखी दांडी मागे घेतली आणि ग्लायडर टेकायचं नाव घेईना. हलकं झालेलं ते गवतावरून तरंगत राहिलं, वाळत घातलेल्या धोतरासारखं. ठरलेली जागा मागे गेली. तिनं घाईनं पंखांवरचे ब्रेक ओढले, जास्त ओढले. चाक आपटलं, ग्लायडर उसळलं, पुन्हा आपटलं, तिचे दात दातांवर वाजले. धूळ. थांबलं.

शाकीब पळत येत होता. सर चालत येत होते.

क्लबाच्या रीतीप्रमाणे कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आधी काय चुकलं ते सांगायचं असतं. "बोल," सर म्हणाले. "वजन कमी झालं होतं, मी दांडी दोघांच्या हिशेबानं घेतली," ती म्हणाली. "मग घाबरून ब्रेक जास्त ओढले. त्याआधी बागेवर जायलाच नको होतं." बोलता बोलता तिला जाणवलं की आपला आवाज आनंदी आहे. उतरणं वाईट झालं होतं. कुणीही सरळ पाहून वाईटच म्हणेल असं झालं होतं. त्यात दुसऱ्या कुणाचा हात नव्हता.

"बरोबर," सर म्हणाले आणि त्यांनी पहिल्यांदा हात पुढे केला. शाकीबनं त्याच क्षणी तिच्या डोक्यावर पाण्याची बाटली रिकामी केली. "मुबारक हो मॅडम! बेडकावानी उतरली, पन उतरली!"

शाकीब ग्लायडर ओढायला जीप आणायला गेला. मग ती म्हणाली, "आता सांगा."

सरांनी पंखावरची धूळ बोटानं पुसली. "तुहे बाबा पत्ता काढत आले होते. चांगला मानूस हाय. वडे खाऊ घातले मले. म्हने, पोरगी शिकून राहिली ते मले मालूम हाय, शिकू द्या, पन एकटी सोडू नका. मी असेतोवर सोडू नका, असं म्हनाले."

"असं म्हणाले?"

"हो. अन् मी हो म्हटलं. मलेबी दोन पोरी हायेत."

केसांतून पाणी मानेवर उतरत होतं. शब्द टाकला गेलाच होता. तिचा अंदाज खरा होता आणि त्याचं चिन्ह मात्र उलटं होतं. सकाळपासूनचं सगळं, सरांचं गप्प राहणं, आणखी एक म्हणणं, न उतरणं, एका झटक्यात दुसऱ्या बाजूला जाऊन बसलं आणि तिथंही तितकंच चपखल बसलं.

"मग सोडलं कशाला?"

"तू मले तपासून राहिली ते समजलं," सर म्हणाले. "मंग कसंतरीच वाटलं. मी पाहून राहिलो होतो अन् न पाहिल्यासारखं करून राहिलो होतो. अन् तसं वाकडं चालवून शेवटी सरळ करनं, ते काई नवशिक्याचं काम नोहे." ते जीपकडे चालू लागले. चार पावलांवर थांबून म्हणाले, "पुन्हा असं कधी केलं तर क्लबात पाय ठेवू देनार नाई."

हे तरी खरं कशावरून, असं तिच्या मनात आलंच. बाबांनी "सोडा" म्हटलं असेल आणि सर आता तिचं मन राखायला "सोडू नका" म्हणाले असं सांगत असतील. उसळून आपटलेला मणका मात्र दुखत होता आणि त्या दुखण्याला दोन बाजू नव्हत्या. ग्लायडरला टेकून तिनं फोन काढला.

"हां, बोल व," बाबा म्हणाले. आज त्यांच्याकडे खरंच टीव्ही चालू होता.

"काल संध्याकाळी कुठं होता?"

"सांगतलं ना. घरीच."

"बरं."

"तुहे तास झाले काय?"

"झाले."

टीव्हीचा आवाज कमी झाला. "मंग आता कोन हाय तुह्यासोबत? का एकटीच हायेस?"

ती रिकाम्या धावपट्टीकडे पाहत होती. "हो," ती म्हणाली. "एकटीच होते."

बोलणं पोचायला लागतो त्यापेक्षा पुष्कळ जास्त वेळ गेला. तिला वाटलं फोन कट झाला, तिनं कानापासून काढून पाहिलं, चालू होता.

"मंग," बाबा म्हणाले, आणि घसा साफ केला. "उतरताना लागलं-गिगलं तर नाई न?"